जुन्या दाणेदार भिंतीवर नवी छपाई करताना

खेड्यातल्या जुन्या पक्क्या घरांना बाहेरून बहुधा दोनच प्रकार दिसतात. एक, मसाला फेकून केलेलं दाणेदार प्लास्टर. दुसरा, सिमेंटवर चढवलेला रंगाचा टेक्सचर. दोन्ही हाताला खरबडीत लागतात, म्हणून "मसाला धरेल मस्त" असं समजून थेट छपाई, म्हणजे नवं प्लास्टर, सुरू होते. फसगत इथंच होते. त्या खाचांत धूळ, शेवाळ आणि जुन्या चुन्या-रंगाचे थर बसलेले असतात. नवा मसाला भिंतीला न धरता त्या थराला धरतो, आणि तो थर सुटला की छपाई पापुद्र्यासारखी उतरते.

म्हणून आधी भिंत तपासा. हातोडीच्या दांड्याने हात-हात अंतरावर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर प्लास्टर धरून आहे. भद्द आवाज आला तिथं खडूने गोल करा. एक-तृतीयांश भिंत गोलांनी भरली तर ठिगळं लावत बसू नका, जुनं सगळं विटेपर्यंत उतरवा. मजुरी जास्त जाते, पण एकदाच जाते. मग भिंतीवर तांब्याभर पाणी मारा. पाणी मुरलं तर ठीक. थेंब होऊन ओघळलं तर वर रंगाचा किंवा टेक्सचरचा पडदा आहे, आणि त्यावर सिमेंट धरत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो.

भिंत मातीची असेल तर सिमेंटची छपाई करूच नका. आतली ओल कोंडते, माती फुगते आणि सिमेंटचं कवच माती घेऊन पडतं. तिथं माती-शेणाचा किंवा चुन्याचा गिलावाच योग्य.

खाली चौथऱ्याजवळ लोणा (ओलीने भिंतीवर येणारा पांढरा खार) लागला असेल तर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर काढा आणि ओल कुठून येते ते आधी बंद करा: छताची गळती, तुटलेला पन्हाळ, भिंतीला टेकलेला मातीचा भराव.

टिकलेल्या भागावर छन्नीने टाचे मारा, दीड-दोन इंचांवर एक, 3 ते 5 मिमी खोल. तारेच्या ब्रशने घासा. शेवाळ असेल तिथं ब्लीचिंग पावडरचं पाणी लावून स्वच्छ धुवा. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा शिंपा. काम सुरू करताना भिंत ओलसर हवी, वर चमकणारं पाणी नको.

आता सगळ्यात महत्त्वाचा थर. 1 भाग सिमेंट, 2 भाग जाड रेती. कालवायला एसबीआर लॅटेक्स (मसाला नीट चिकटावा म्हणून घालायचं दुधासारखं रबरी द्रावण) आणि पाणी निम्मं-निम्मं. हा पातळसर मसाला थापीने जोरात भिंतीवर फेका, 3-5 मिमी, आणि रंधा (मसाला सपाट करायची लाकडी फळी) न लावता तसाच खरबडीत सोडा. 100 चौरस फुटांना अर्धं पोतं सिमेंट आणि सव्वा घनफूट रेती लागते. काही ठिकाणी याऐवजी नुसती सिमेंट-लॅटेक्सची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, ब्रशने लावतात. तीही चालते, पण बोट लावल्यावर चिकट लागते तोवरच मसाला चढला पाहिजे. विदर्भाच्या उन्हात ती पाहता पाहता सुकते, आणि सुकलेली स्लरी गुळगुळीत कातडं होऊन उलट मसाल्याला भिंतीपासून तोडते. शंका असेल तर फेकलेला थरच बरा.

तो फेकलेला थर दोन दिवस ओला ठेवा. खांब-तुळई आणि विटांच्या सांध्यांवर फूटभर रुंद मुर्गा जाळी (खुराड्याला लावतात तशी बारीक तारेची जाळी) मारा, दोन्हीकडे सहा-सहा इंच. जाळी भिंतीला चिकटवू नका, मसाला तिच्या मागेही गेला पाहिजे. काळ्या जमिनीवरच्या घरांना पाया हलल्यामुळे तडे जातात. ते छपाईने थांबत नाहीत, हे घरमालकाला आधीच सांगा.

ओळंब्याने ठिपके (जाडी सारखी राहावी म्हणून मसाल्याच्या खुणा) बांधून पहिला थर 12 मिमीचा द्या, 1:4 प्रमाणात, म्हणजे 1 भाग सिमेंटला 4 भाग रेती. एका पोत्याला 5 घनफूट चाळलेली रेती. थोडा घट्ट झाला की आडव्या रेघा ओढा. दोन-तीन दिवस तराई करून, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवून, दुसरा थर 8 मिमी, 1:5. वरचा थर आतल्यापेक्षा कडक ठेवायचा नाही, नाहीतर तो आकसताना आतल्याला ओढतो. दोन्ही थर मिळून 100 चौरस फुटांना दीड ते पावणेदोन पोती सिमेंट आणि साडेआठ घनफूट रेती धरा. रेती नदीची असली तरी बाटलीत पाणी-मीठ घालून हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ खालच्या रेतीच्या उंचीच्या 8 टक्क्यांहून जास्त दिसला तर रेती धुवा.

एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच मसाला कालवा. कडक झालेल्यात पाणी घालून पुन्हा वापरू नका. रंधा मारताना वर कोरडं सिमेंट भुरभुरवू नका, त्यानेच जाळीसारखे बारीक तडे पडतात. छज्ज्याच्या खालच्या कडेला अर्धा इंचाची खाच पाडायला विसरू नका, पाणी तिथून टपकतं, भिंतीवर येत नाही.

हे काम दसऱ्यानंतर होळीपर्यंत उरकलेलं बरं. उन्हाळ्यातच करायचं तर पश्चिमेची भिंत सकाळी घ्या आणि ओले बारदाने टांगा. तराई किमान सात दिवस, उन्हात दहा. रंगाला 28 दिवस थांबा.