गडग्यावरची फासकी आणि हद्दीवरचं डुक्कर: काय करायचं, काय नाही

भात तयार व्हायला लागलं की आमच्या कोकणात दरवर्षी तोच विषय, रात्री डुकरं येतात, सकाळी कुणग्यात जाऊन बघावं तर अर्धं भात लोळवलेलं, माडाची दोन वर्षांची रोपं उकरून आतला कोंब खाल्लेला, आणि मग कोणीतरी म्हणतंच, लाव रे गडग्याला एक फासकी. गडगा म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण, आणि फासकी म्हणजे जनावर अडकवायचा वायरचा फास. लावायच्या आधी हे वाचा, आणि शेजाऱ्याने लावली असेल तर जरा जास्तच लक्ष देऊन वाचा.

पहिलं म्हणजे "माझ्या जागेत आलं ते माझं" हे डोक्यातून काढून टाका. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सातबारा बघत नाही, जमीन तुमची असली तरी शिकारीला बंदी आहेच, आणि शिकार म्हणजे फक्त बार काढणं नव्हे, फासकी लावणं, विष घालणं, पकडायचा नुसता प्रयत्न करणं हे सगळं त्यात येतं, म्हणजे फासकीत काही अडकलं नाही तरी गुन्हा होतोच. मेलेलं जनावर गडग्याच्या अलीकडे पडलं की पलीकडे यावरून भांडू नका, ते दोघांचंही नाही, ती सरकारी मालमत्ता, ताब्यात आलं तर 48 तासांत पोलीस ठाण्यात नाहीतर वनखात्याला कळवायचं. मटणाचे वाटे घातले तर वाटा घेणाराही अडकतो. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून काही पोरं विचारतात की घरापासून किती लांब उभं राहायचं, तर तिकडे पेन्सिल्व्हेनियात बंदुकीसाठी दुसऱ्याच्या राहत्या घरापासून 150 यार्डांचा नियम आहे, पण तो रीतसर लायसन काढून शिकार करणाऱ्यांसाठी, आपल्याकडे मुळात खेळ म्हणून शिकारच नाही, मग अंतर कसलं मोजताय.

रानडुक्कर आता या कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी भीती वेगळीच आहे, फासकीला डुक्कर आणि बिबट्या यातला फरक कळत नाही. बिबट्या अडकला की अनुसूची 1, मग कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 7, दंड 25 हजारांच्या खाली नाहीच.

मग डुकराचं करायचं काय? महाराष्ट्रात पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायच्या परवानगीसाठी वनखात्याच्या रेंज ऑफिसात वनक्षेत्रपालाकडे अर्ज करता येतो. सोबत सातबारा, नुकसानीचे फोटो आणि ज्याच्याकडे लायसनची बंदूक आहे त्याच्या लायसनची झेरॉक्स द्या. परवानगी लेखी हातात पडली पाहिजे, तोंडी "बघा काय ते" याला काही अर्थ नाही. पीक संरक्षणाची बंदूक घरात आहे म्हणजे शिकारीचा परवाना आहे असंही नाही, इथेच बरेच जण फसतात. आणि परवान्यावर सर्व्हे नंबर, मुदत, अटी काय लिहिल्यात ते घरी येऊन नाही, तिथेच उभं राहून वाचा. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा, जमलं तर त्याची सही घ्या, कारण गोळी गडग्यापाशी थांबत नाही आणि जखमी डुक्कर तर नाहीच नाही. ते पलीकडे गेलं तर बंदूक घेऊन मागे उडी मारू नका, वनरक्षकाला फोन लावा. जनावर खरंच अंगावर आलं आणि जीव वाचवताना मेलं तर तो गुन्हा नाही, पण त्या वेळी तुम्ही स्वतःच फासक्या लावत फिरत असाल तर ही सूट मिळत नाही.

आता शेजाऱ्याची फासकी. आमच्या गडग्याला एक भोक होतं, कुत्रं जाईल एवढं, तिथे कोणीतरी क्लच वायरची फासकी लावलेली, आमचा कुत्रा कमरेला अडकला, ओढून ओढून वायर कातड्यात रुतलेली. मी पक्कड आणून तोडली, वायर रागाने परसात फेकून दिली आणि मग शेजारच्या काकांकडे गेलो, "काका, ही तुमची का?" काका म्हणाले, "छे रे, आम्ही कशाला लावू." पुरावाच नाही, बोलणार काय. म्हणून सांगतो, रिकामी फासकी दिसली तर हात लावू नका, आजूबाजूची जागा दिसेल असे फोटो काढा आणि 1926 ला, म्हणजे वनखात्याच्या हेल्पलाइनला, फोन करून पंचनामा मागा. बिबट्या जिवंत अडकलेला असेल तर जवळ जाऊच नका, गर्दीला आवरा, मोबाईलवाल्यांना आधी.

कुंपणात लाइनवरून थेट करंट सोडलेला असेल तर तो विषय फासकीपेक्षा वाईट. तारेला हात नाही, आधी महावितरणला फोन, मग पोलीस. माणूस मेला तर लावणाऱ्यावर निष्काळजीपणाचा, नाहीतर थेट सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. त्यापेक्षा सौर कुंपण घ्या, त्याचं मशीन थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं, जनावर पळतं, मरत नाही. फक्त ते हद्दीच्या दोन फूट आत घ्या आणि पाटी लावा, नाहीतर शेजाऱ्याशी नवं भांडण.

नुकसानभरपाईचा अर्ज तीन दिवसांत गेला पाहिजे. पाऊस यायच्या आत खुरांच्या ठशांचे फोटो काढा आणि पंचनामा होईपर्यंत लोळलेलं भात उचलू नका, आई कितीही ओरडली तरी.