वावरात वर्कशॉप बांधायचंय? माती-बांबूत बांधा, पण आधी हे बघा

वावरात नाहीतर घरामागं दहा बाय पंधराचं वर्कशॉप टाकायचं म्हटलं की सगळे आधी टिनाचाच हिशोब करतात, अन् मग मे महिन्यात दुपारी तिथं कोणी पाय ठेवत नाही. आपल्याकडं विदर्भात पारा ४५ च्या वर जातो राव. माती-बांबूचं वर्कशॉप थंड राहतं, फक्त भिंती स्वस्तात होऊ द्या आणि पाया अन् छपरावर हात सैल सोडा, कारण मातीच्या भिंतीला पाणीच खातं, खालून चढणारं नाहीतर बाजूनं झोडपणारं.

पहिले कागदावर मशिनी मांडा. वेल्डिंग आणि ग्राइंडर बाहेर ओसरीत, दगडी फरशीवर. कुडाजवळ, म्हणजे काड्या विणून मातीनं लिंपलेल्या भिंतीजवळ, ठिणग्या नकोच. व्हाइस ठोकायचं टेबल आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे, मातीच्या भिंतीत बोल्ट मारून काही टिकत नाही.

पाया. काळी माती बरसातीत फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीलाही सोबत हलवते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फारच खोल असेल तर जागा बदला. जोतं दगडाचं, जमिनीपासून दीड-दोन फूट वर.

भिंतीलाही काळी माती नको, वाळली की आकसते. गावातली पांढरी माती किंवा लालसर माती बघा. काचेच्या बाटलीत अर्धी माती, वर पाणी, चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा, खाली वाळू बसते, मधे गाळ, सगळ्यात वर चिकण. पण खरं कळतं ते नमुन्याच्या विटांवरून. वाळू कमी-जास्त करून तीन-चार विटा पाडा, सावलीत आठवडाभर वाळवा. भेगा पडल्या तर वाळू आणि गव्हाचं कुटार (भुसा) वाढवा, हातात भुगा झाला तर चिकण माती वाढवा. जमलेली माती शेण-कुटार घालून भिजवून आठ-दहा दिवस कुजू द्या. वास येतो, पण गिलावा त्यानंच धरतो.

कुडाला पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) फुकट मिळते खरी, पण तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते, वावराजवळ तिचा ढीग नको. मी तरी तुराट्याच, म्हणजे तुरीच्या काड्या, वापरा म्हणीन.

बांबू तीन वर्षांच्या वरचा, हिवाळ्यात तोडलेला घ्या, त्यात साखर-पिठूळपणा कमी असतो म्हणून भुंगा कमी लागतो. तरी बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवाच. खांब मातीत गाडू नका, दगडावर उभे करा, वाळवी खालूनच येते. बांधावर स्वतः लावलेला बांबू असेल तर २०१७ च्या कायदा दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढलाय, ती जुनी भीती आता नको.

छपराला कवेलू (मातीची कौलं) थंड, पण माकडं नाचली की पावसाळ्याआधी निम्मे फेरावे लागतात. माकडं असतील तर वर टिन, खाली बांबूचा तट्ट्या, मधे वीतभर मोकळी हवा. पश्चिम आणि दक्षिणेला छप्पर तीन फूट बाहेर काढा. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात आदी निवास आणि बापू कुटी उभी आहेत, आदी निवास तर १९३६ चं, जाऊन पडवी, छपराचा उतार आणि भिंतीचा खालचा भाग नीट बघा, इंटरनेटवरच्या फोटोंपेक्षा जास्त कळतं.

वेळापत्रक शेतीप्रमाणं लावा. कापूस वेचणीत मजूर मिळत नाही, तेव्हा फक्त बांबू आणि माती जमवा. आधी खांब आणि छप्पर उभं करा, मग त्याच्या सावलीत फेब्रुवारी-मार्चला कुड विणून लिंपा, कारण कडक उन्हात गिलावा भराभर वाळला की तडकतो. मृगाच्या आधी दुसरा हात फिरला पाहिजे.

वर्षातून एकदा सारवण-डागडुजी करावीच लागते, दिवाळीच्या साफसफाईत उरकून टाका. तेवढं होणार नसेल तर पावसाच्या तोंडची पश्चिमेची भिंत सरळ विटांची घ्या, बाकी तीन मातीच्या ठेवा.