देशी कुत्रा घरी आणताय? निदान या चुका तरी टाळा

गेली आठ-नऊ वर्षं ठाण्यातल्या वसंत विहारमधल्या आमच्या घरात कुठला ना कुठला देशी कुत्रा मुक्कामाला असतोच. रस्त्यावरून उचललेला, औषधपाणी होऊन बरा झालेला, कायमच्या घराची वाट बघणारा. आतापर्यंत तीसेक जण असे सासरी गेले. त्यातले पाच परत आले. परत आणून देणारी माणसं वाईट नव्हती, पण पाचही जण दारात उभे राहून साधारण एकच बोलले: "ताई, आम्ही एवढा जीव लावला, पण तो आमचा होतच नाही हो." किती दिवस झाले, विचारलं. बारा. एकाचे तर सहा. सहा दिवसांत आमच्याकडे नवीन मिक्सरसुद्धा रुळत नाही.

त्याला लॅब्रेडॉर समजणं

शिकारीसाठी, मेंढरं राखण्यासाठी वगैरे ज्या जाती तयार झाल्या, त्यात माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. माणसाच्या हाताकडे बघत काम करणारी पिल्लं पुढे वाढवली, बाकीची नाही. देशी कुत्र्याला असं कोणी घडवलेलं नाही. ऊन, पाऊस, उपासमार आणि गल्लीतल्या मारामाऱ्यांतून जे तगले, त्यांची ही पिल्लं. ऑस्ट्रेलियातला डिंगो, मध्य आफ्रिकेतला बसेंजी, इस्रायलचा कनान हे याच पठडीतले. यांना 'प्रिमिटिव्ह' म्हणतात, म्हणजे आदिम. मागासलेला असा अर्थ काढू नका. (बसेंजी सहसा भुंकत नाही. ती कसर आपल्या मंडळींनी भरून काढली आहे.)

लॅबला 'बस' म्हटलं की तो बसून मोकळा होतो. देशी आधी तुमच्या मुठीकडे बघतो, मग फरशी ओली आहे का ते बघतो, मग दार उघडं आहे का ते. त्यानंतर बसतो, किंवा नाही बसत. लोक याला हट्टीपणा म्हणतात. मला तो हिशेब वाटतो, आणि रस्त्यावर याच हिशेबाने तो जगलाय.

माझी पद्धत म्हणाल तर दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं आणि कोंबडीच्या उकडलेल्या कलेजीचे शेंगदाण्याएवढे तुकडे. बिस्किटं नाहीत, बिस्किटासाठी तो रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी फुकट बसायचा, तुमच्यासाठी कशाला कष्ट घेईल? एक गोष्ट दोनदाच सांगायची. तिसऱ्यांदा सांगितलंत की त्याला कळतं, हे पहिल्या दोन वेळा उगाच बोलत होते. आणि 'आठवड्यात सरळ करून देतो' म्हणत गळ्यात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) अडकवणारे ट्रेनर भेटतील. त्यांनी सरळ केलेले दोन कुत्रे पुढे माझ्याकडे आले. माणसाचा हात वर गेला की दोघेही जागच्या जागी मुतायचे. एकाला त्यातून बाहेर यायला वर्ष लागलं.

पट्ट्यावर भरवसा ठेवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०१७ साल. आमची खारी घरी येऊन सहा दिवस झाले होते. रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून खारी. दिवाळी होऊन गेली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. तुळशीचं लग्न विसरले. संध्याकाळी गेटपाशी पोचलो आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी लड लावली. खारी पुढे पळाली नाही. तिने हनुवटी खाली घातली, कान मागे टाकले आणि दोन पावलं मागे सरकली. बस्स. माझ्या हातात लीश, लीशच्या टोकाला पट्टा, पट्ट्याचं बक्कल बंदच. आत कुत्री नव्हती.

मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात. मी धावले, नवरा धावला, वॉचमन शिट्टी फुंकत धावला, सोसायटीतली पोरं बाइक काढून "खारी, खारी" ओरडत निघाली. जिला घरात येऊन सहा दिवस झालेत तिला 'खारी' म्हणजे आपण, हे कुठून ठाऊक असणार? तिला एवढंच दिसलं की दहा माणसं ओरडत अंगावर येतायत. रात्री ती पवारनगरला दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी उपवनला. दरवेळी आम्ही पोचलो की ती आणखी पुढे. तिसऱ्या दिवशी कोणीतरी फोटो पाठवला, येऊरच्या पायथ्याला एका नर्सरीच्या मागे. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू, आणि बिबट्याला कुत्र्यासारखी सोपी शिकार नाही.

तिथल्या कुत्र्यांना रोज भात घालणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी मला पहिल्यांदा गप्प केलं. "धावताय कशाला? बसा खाली. तोंड तिकडे करून. आणि हाक मारू नका." दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी नर्सरीच्या कुंपणापाशी पाठ करून बसले. अंगावर आदल्या दिवशीचा न धुतलेला कुर्ता, शेजारी खारीची गोधडी, डब्यात भाजलेले सुके बोंबील. डास फोडून काढत होते. नवरा लांब गाडीत. दीडेक तासाने कोपराला काहीतरी ओलं लागलं. नाक होतं. मी वळले नाही. एक तुकडा बाजूला ठेवला, मग दुसरा जरा जवळ. तिसरा खाताना सरकफाशाची दोरी हळूच डोक्यावरून घातली आणि मग मात्र मला रडू आवरेना. ती बोंबील संपवत होती.

तेव्हापासून माझा नियम: देशी कुत्र्याला नुसत्या पट्ट्यावर उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. त्याची मान डोक्यापेक्षा फार बारीक नसते, पट्टा मागे सरकून सहज निघतो. मार्टिंगेल पट्टा घ्या, तो ओढला की तेवढ्यापुरता आवळतो. वर हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, आणि लीश दोन हुकांची, एक हुक पट्ट्याला, दुसरा हार्नेसला. लीशचा फास मनगटात. पट्ट्यावर फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून, 'नाव ठरलं की करू' असं नाही. सेफ्टी डोअर लागल्याशिवाय आतलं दार उघडायचं नाही, मग कुरिअरवाला कितीही घाईत असो. हे निदान तीन महिने. लोकांना वाटतं मी अती करते. वाटू दे.

येऊरला नेऊन 'थोडा वेळ मोकळं सोडू' म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पहिल्याच आठवड्यात लाडाचा वर्षाव

आल्या दिवशी आंघोळ, संध्याकाळी आत्या-मावश्या दर्शनाला, पोरांच्या मिठ्या, रील. तो दिवाणाखाली जाऊन बसतो आणि सगळे वाकून वाकून बोलावतात. अहो, राहू द्या की त्याला तिथे. पाण्याचं भांडं जवळ सरकवा आणि आपापली कामं करा. मी फरशीवर बसून पेपर वाचते, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तो येऊन कुल्ल्याला पाठ टेकून बसला की समजायचं, जमलं. कोणाला चार दिवस लागतात, कोणाला दोन महिने. आंघोळ त्यानंतर, तोवर अंगाचा वास आला तर आला.

बाकीचं पटापट सांगते. दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण धड पोसला जात नाही. मांस, अंडी, भात, भोपळा असं काही द्या. कांदा, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही. माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी तर मुळीच नाही, ती जिवावर बेतू शकते. गोचीड दिसल्या की नुसती पावडर मारून गप्प बसू नका. जेवण सुटलं, हिरड्या पांढुरक्या झाल्या, नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासा, तो गोचीडताप असू शकतो. कानाला खाच म्हणजे नसबंदी झाली आहे. यंदाची रेबीजची लस दिली आहे असा त्याचा अर्थ होत नाही, ती दरवर्षी लागते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात पाय घालू देऊ नका, लेप्टो कुत्र्यांनाही होतो आणि त्याची लस मिळते. बाल्कनीत बांधून ऑफिसला जाणार असाल तर कृपया फिशटँक घ्या.

सोसायटीत 'कुत्रा चालणार नाही' असा ठराव झालाय म्हणून घाबरून परत करणारेही असतात. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की बहुमतानेसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. त्याची प्रत काढून ठेवा. सेक्रेटरींना शांतपणे द्या, भांडू नका. आणि खाली घाण केली की पिशवीत उचला, नाहीतर परिपत्रक दाखवायला तोंड राहत नाही.

आता एक विनंती. दसरा उलटला की 'ताई, दिवाळीची सुट्टी आहे, आम्ही सगळे घरी आहोत, आत्ताच घेऊन जातो' असे फोन सुरू होतात. तुळशीचं लग्न होईपर्यंत माझ्या घरातून एकही कुत्रा बाहेर पडत नाही. त्यानंतर फोन करा.