एक किलोमीटर, एक घर: धावण्यातून गावासाठी निधी कसा उभा करावा

धावण्याचा सराव कसा करायचा, ते या लेखात नाही. जो रोज पहाटे पोलीस भरतीच्या पोरांसोबत रस्त्यावर असतो, त्याला ते शिकवायची गरज नाही. इथं प्रश्न पुढचा आहे: या पायांचा गावाला उपयोग कसा करायचा? मी हे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात बऱ्याच वर्षांपासून करतो आहे. ‘मोठा कार्यक्रम घ्या, टी-शर्ट छापा, फ्लेक्स लावा, पाहुणे बोलवा’ हा सल्ला मला दरवर्षी मिळतो. तो ऐकू नका. निम्मा पैसा त्यातच जातो.

आधी वस्तू ठरवा. ‘गावाच्या विकासासाठी’ म्हणून वही फिरवली की लोक अकरा रुपये देतात आणि विसरतात. आम्ही रुग्णसाहित्य घेतो: चाकाची खुर्ची, वॉकर, डोकं वर करता येणारी खाट. म्हातारं माणूस पडून खुब्याचं हाड मोडलं की घरच्यांची हे सामान शोधायला शहरात धावपळ होते, आणि तीन महिन्यांनी तेच सामान कोठ्यात धूळ खातं. वस्तू गावाची असली की या घरातून त्या घरात जाते. दुकानातून लेखी भाव आणा आणि तो कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

दिवस जानेवारीतला धरा. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाच्या दोन वेचण्यांचे पैसे हातात आलेले असतात, पहाटे थंडी असते. ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणी आणि खताच्या उधारीत बुडालेल्या माणसासमोर वही धरू नका. मे महिन्याचं तर नावच नको. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना लोकांना रस्त्यावर उभं करणं हे पुण्याचं काम नाही.

आता पैशाचं. मी इथंच पडलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी मी शहरातल्या रीतीनं निघालो: ‘मी २१ किलोमीटर धावतो, तुम्ही किलोमीटरमागे दहा रुपये कबूल करा, धावून झालं की द्या.’ पारावर एका काकाजींनी मला थांबवलं. ‘बाबू, पैसे पाहिजेत त माग ना. धावून काऊन रायला?’ मला उत्तर देता आलं नाही. कबुल्या भरपूर आल्या, वही भरली, मी धावलो, टाळ्या वाजल्या. मग वसुली सुरू झाली. एकाचा कापूस घरातच होता, एकाकडे लग्न निघालं, एकाला वाटलं मी सगळं मिळून दहाच रुपये म्हणालो होतो. होळीपर्यंत मी दारोदार फिरत होतो. धावण्याची पुण्याई वसुलीत गेली, आणि चांगल्या माणसांना माझ्यामुळे तोंड चुकवावं लागलं. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सांगतो: उधारीवर धावू नका. आधी पैसा, मग पाय.

दुसरी चूक याहून मोठी. काहींनी फोनवर पैसे पाठवले ते माझ्या स्वतःच्या खात्यात आले. त्याच खात्यातून किराणा, त्याच खात्यातून पोराची फी. एक रुपयाही खाल्ला नव्हता, पण पारावर कोणी हिशेब विचारला तेव्हा दाखवायला कागद नव्हता. गावात एकदा संशय शिरला की दहा वर्षं निघत नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांकडे बघा. जवळ गाडगं आणि खराटा, आणि लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत दादरला परगावच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही आहे. पैसा स्वतःच्या संसाराला शिवू दिला नाही, म्हणून लोक देत राहिले.

तेव्हा खातं एखाद्या नोंदणीकृत मंडळाचं किंवा संस्थेचं वापरा, त्यावर दोघांच्या सह्या असू द्या, त्यातली एक बचत गटातल्या ताईची. प्रत्येकाला छापील पावती द्या, पन्नास रुपये दिले तरी. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली नसेल, तर लोकांकडून वर्गणी घ्यायला त्यांच्या कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या कलम ४१ क खाली घेतात तीच. ‘गावातलंच आहे, कोण विचारतं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कोणाला आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेकडे आयकर विभागाची, ८०-जी नावानं ओळखली जाणारी मान्यता लागते, आणि २००० रुपयांच्या वर रोख दिली तर ती सवलत मिळत नाही. हे देणाऱ्याला आधीच सांगा.

आणि काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर? ते मला दुसऱ्या वर्षी सापडलं. किलोमीटर माझे नसावेत, घरांचे असावेत. समजा, सामानाचे २१,००० रुपये होतात. त्याला २१ नं भागा. एक किलोमीटर १००० रुपयांचा. शाळेच्या भिंतीवर २१ चौकोनांचा तक्ता लावा आणि प्रत्येक चौकोन एका घराला द्या. पैसे जमा झाले की नाव चढवायचं, आधी नाही. ज्यांना हजार जड जातात त्यांनी मिळून घ्यावा. आमच्याकडे निंदणाला जाणाऱ्या पाच बायांनी मिळून एक घेतला आणि तो शेवटचाच हवा म्हणून अडून बसल्या. एक आजी म्हणाल्या, ‘माह्या बुढ्याच्या नावानं लिही.’ त्यांच्या माणसानं शेवटचं वर्ष बाजेवर काढलं होतं. तो आठवा किलोमीटर धावताना मी घड्याळाकडे बघितलं नाही.

असं झालं की मागणं उरत नाही. घरानं पैसा टाकला, मी घाम टाकला, वस्तू दोघांची. कॅनडात १९८० साली टेरी फॉक्स हा तरुण कर्करोगात एक पाय गमावल्यावर कृत्रिम पायानं १४३ दिवस धावला. त्याचं मागणं एका ओळीचं होतं: प्रत्येक कॅनेडियनानं एक डॉलर द्यावा. आजार पुन्हा उलटून त्याला थांबावं लागलं, तरी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तितका निधी जमला. त्याचं दुःख मोठं, आपलं काम लहान, पण मागणं असं साफ असावं की शेतातून परतणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या कळावं.

तक्ता भरला नाही तर धावायचा दिवस पुढे ढकला. रिकाम्या चौकोनांवर धावू नका.

मार्ग साडेतीन किलोमीटरच्या फेरीचा आखा. सहा फेऱ्यांत २१ होतात आणि गाव तुम्हाला सहा वेळा बघतं. मोठा रस्ता टाळा, हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या पहाटेपासून सुरू असतात. पांदण रस्ता आदल्या दिवशी पायी बघून घ्या, काळ्या मातीत वाळलेल्या चाकोऱ्यांत घोटा मुरगळतो. पाणी, लिंबू, मीठ, साखर. गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना सांगून ठेवा. ज्या घराचा किलोमीटर, त्या घरचं कोणीतरी खुणेपाशी उभं असावं, आणि वाटलं तर तेवढं अंतर सोबत चालावं. पोरं तर धावतातच.

हिशेब २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभं राहून वाचा: जमा, खर्च, शिल्लक, दुकानाचं बिल. त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्याआधीच्या रविवारी धावलं की हे जुळतं.

पैसे भरून बिल ग्रामसभेआधी घ्या, सामान पंधरा दिवसांत आणा. त्यावर गावाचं नाव घाला, देणाऱ्यांची नावं तक्त्यावरच राहू द्या. कोणी नेलं, कधी नेलं, कधी परत आलं, याची वही आशाताईंकडे किंवा वाचनालयात ठेवा. अनामत रक्कम घेऊ नका. ज्याला गरज आहे त्याच्याकडे त्या दिवशी नेमके पैसे नसतात. खुर्ची भरीव टायरची घ्या, हवेच्या चाकांना बोरीबाभळीचे काटे टिकू देत नाहीत. आणि वॉकरच्या पायांची रबरं फरशी-काँक्रीटवर लवकर झिजतात, तेव्हा दोन जोड जास्तीचे त्याच दिवशी दुकानातून मागून घ्या.