टच पॅनल बसवायला निघण्याआधी

भोसरी एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. कस्टमर मशीन मोकळं देतो तेही गुरुवारीच, आणि अट एकच: शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला चालू पाहिजे. नेमकी त्याच दिवशी आसपासची इलेक्ट्रिकलची दुकानं बंद. एखादा नऊ पिनी कनेक्टर विसरला की पुण्यातल्या इलेक्ट्रिकल बाजाराची तापकीर गल्ली गाठायची, म्हणजे अर्धा दिवस गेलाच. म्हणून एचएमआयची (ऑपरेटर मशीन चालवतो त्या टच पॅनलची) सगळी तयारी बुधवारी टेबलावर संपलेली बरी.

पॅनल मागवायच्या आधी एकदा मशीनवर जाऊन ऑपरेटरचे हात बघून या. तेलकट हातमोजे घालून काम चालत असेल तर रेझिस्टिव्ह टच घ्या. तो दाबावर चालतो, त्याला बोट आहे की हातमोजा याच्याशी देणंघेणं नाही. मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह टच दिसायला झकास, पण जाड हातमोजा त्याला कळत नाही आणि कूलंटचा थेंब मात्र कधीकधी बोट वाटतो. उंचीही तेव्हाच ठरवा, उभं राहून मान न वाकवता दिसेल अशी.

कटआउटचं, म्हणजे पॅनल बसवायला कंट्रोल कपाटाच्या दारात कापायच्या भोकाचं, माप डेटाशीटवरूनच घ्या. सात इंची म्हणजे सात इंची असं धरून चालू नका. दोन कंपन्यांच्या सात इंची पॅनलच्या कटआउटमध्ये चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज निघतो. भोक मोठं झालं तर रबरी गॅस्केट बसत नाही, आणि मग डेटाशीटवरच्या आयपी ६५ ला (धूळ-पाणी आत न जाण्याच्या दर्जाला) काही अर्थ राहत नाही. दार कापताना आतल्या पीएलसीवर (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि ड्राइव्हवर (मोटरचा वेग सांभाळणारा) प्लॅस्टिक टाका, लोखंडाचा कीस आत पडला तर तो पुढे महिन्यांनी शॉर्ट करतो. क्लॅम्पचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा.

सप्लाय २४ व्होल्ट डीसी. सात इंची पॅनल एक अँपिअरही खात नाही, म्हणून लोक त्याला सोलेनॉइड व्हॉल्व्हच्याच एसएमपीएसवर (डीसी पॉवर सप्लायवर) टाकून मोकळे होतात. व्हॉल्व्ह चालू-बंद झाला की स्क्रीन मिणमिणते, कधी रीस्टार्ट होते. वेगळा छोटा एसएमपीएस न्या, दोन ॲम्पचा फ्यूज न्या, फेरूल (वायरच्या टोकाला दाबायच्या टोप्या) आणि अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर न्या.

आता खरा वेळखाऊ भाग, कम्युनिकेशन. ड्राइव्ह किंवा टेम्परेचर कंट्रोलर मॉडबसवर (उपकरणांची आपसात बोलायची ठरलेली पद्धत) असतील तर बॉड रेट (बोलण्याचा वेग), पॅरिटी (चूक पकडणारा बिट), स्टॉप बिट आणि स्टेशन नंबर कागदावर लिहून घ्या; दोन उपकरणांना एकच नंबर असला की दोघंही बोलत नाहीत. मॉडबसच्या या लाइनची, म्हणजे आरएस-४८५ ची, केबल शील्ड असलेली ट्विस्टेड पेअर हवी, शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची, लाइनच्या दोन्ही शेवटांना १२० ओहमचे रेझिस्टर. ए आणि बी या खुणा सगळ्या कंपन्या एकाच अर्थाने छापत नाहीत, तेव्हा बोलत नसेल तर आधी त्या दोन वायरी उलटवून बघा, मग प्रोग्रामवर शंका घ्या. ड्राइव्हच्या मोटर केबलसोबत एकाच डक्टमधून ही केबल नेऊ नका. ईथरनेट असेल तर पीएलसी, पॅनल आणि लॅपटॉप एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच गटात) हवेत आणि कोणाचाही आयपी पत्ता दुसऱ्यासारखा नको.

टॅग लिस्ट (स्क्रीनवरचा कुठला आकडा पीएलसीतल्या कुठल्या पत्त्यावर, ती यादी) पीएलसीवाल्याशेजारी बसून जुळवा, फोनवर नाही. मॅन्युअलमधला ४०००१ म्हणजे प्रत्यक्ष पत्ता शून्य, इथे एका घराची चूक ठरलेली. दुसरी गोची ३२ बिटांच्या आकड्यांची. चाकणला एका लीक टेस्टिंग मशीनवर मी पीएलसीत सेट प्रेशर ५.० टाकलं तर पॅनलवर वाचून दाखवणाऱ्या खान्यात ०.०, आणि ॲक्चुअल प्रेशरच्या जागी नुसते ####. गेजचा काटा मात्र ५.२ बारवर शांत उभा. ट्रान्सड्यूसर (प्रेशरचा सेन्सर) बदलून झाला, केबल बदलून झाली, सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. दुखणं एवढंच होतं, की फ्लोटचे (दशांशाच्या ३२ बिटी आकड्याचे) दोन वर्ड, म्हणजे १६-१६ बिटांचे तुकडे, पॅनल उलट्या क्रमाने वाचत होतं. ड्रायव्हरच्या सेटिंगमधली एक टिक. तेव्हापासून मी टेबलावरच प्रत्येक फ्लोट टॅगमध्ये ५.२ टाकून बघतो, नुसतं शून्य टाकून नाही. शून्य दोन्हीकडून शून्यच दिसतं.

स्क्रीनवर काय नसावं हे आधी ठरवा. इमर्जन्सी स्टॉप स्क्रीनवर कधीच नाही. पिवळ्या पार्श्वभूमीवरचं लाल मशरूम बटण, हार्डवायर्ड, हाताच्या टप्प्यात. जॉगचं बटण (दाबून धरलं तोवरच मशीन हलवणारं) स्क्रीनवर देणार असाल तर एक विचार करा: बोट दाबलेलं असताना केबल निघाली तर पीएलसीतला बिट १ वरच राहतो आणि स्लाइड चालतच राहते. म्हणून पॅनलकडून दर सेकंदाला बदलणारा एक बिट घ्या, तो थांबला की पीएलसीने सगळे जॉग बंद करायचे. हे लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्राममध्ये) आहे का, ते केबल उपटूनच तपासा. रंग कमी ठेवा. राखाडी पार्श्वभूमी कंटाळवाणी दिसते असं कस्टमर म्हणेल, म्हणू दे. लाल फक्त अलार्मला.

अलार्म मराठीत द्या, पण टेबलावर त्याच मॉडेलवर उमटवून बघा. लॅपटॉपच्या सिम्युलेशनमध्ये ‘स्थिती’ सुरेख दिसते, पॅनलवर मात्र वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त लटकतात. असं झालं तर तो मजकूर चित्र म्हणून टाका. आणि मजकूर ऑपरेटर बोलतो तसा. ‘क्लॅम्प सिलिंडर फॉरवर्ड नाही, प्रॉक्सी बघा’ हे त्याला कळतं, प्रॉक्सी म्हणजे सेन्सर. ‘अग्र स्थिती संवेदक सदोष’ वाचून तो तुम्हालाच फोन करेल.

बॅगेत काय, ते थोडक्यात: डाउनलोडची केबल, एक जादा केबल, एफएटी ३२ फॉरमॅटची पेनड्राइव्ह, मल्टिमीटर, पॅनलमधल्या घड्याळाचा सेल. सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती हवी, नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुनीत उघडत नाही. मशीनवर आधी चालू पॅनल असेल तर त्याचा बॅकअप आणि रेसिपीचे (प्रत्येक जॉबच्या सेटिंगचे) आकडे काढल्याशिवाय नवीन काही टाकू नका. निदान मोबाइलवर प्रत्येक स्क्रीनचा फोटो. बऱ्याच कारखान्यांत मोबाइल आणि पेनड्राइव्ह गेटवरच जमा होतात, त्यामुळे परवानगी आणि लॅपटॉपचा सिरीयल नंबर घातलेला गेटपास आदल्या दिवशीच मेलवर मागा. काम झालं की सोर्स फाइल आणि पासवर्ड मेंटेनन्सवाल्याला लिहून द्या, कारण पॅनलमधून परत काढलेली फाइल पुष्कळदा एडिट करता येत नाही.

आणि एक जादा स्क्रीनगार्ड दारामागे चिकटवून ठेवा. खंडेनवमीला मशीनची पूजा होते तेव्हा ओल्या कुंकवाचं पहिलं बोट स्क्रीनच्या बरोबर मध्यावर लागतं, आणि दसऱ्यानंतर कोणीतरी ते थिनरने पुसतं.