आंब्याच्या ऑर्डरींच्या मेल तिघांत सारख्या कशा वाटाव्यात

आमच्या देवगडच्या आंब्याच्या ऑफिसात ऑर्डरींचा मेल-पत्ता एक आणि उत्तरं देणारे तिघे. एप्रिलात जो आधी येईल तो ‘पाच डझनाची पेटी कितीला?’ असली सोपी मेल उचलायचा. ‘पेटीत सहा आंबे डागी निघाले’ वाली वहिनीसाठी पडून राहायची. “माकाच सगळे कित्याक?” म्हणून ती एकदा कडाडली, तेव्हा वाटणी सर्व्हरवरच सोपवली. आमचा सर्व्हर लिनक्सवरचा, त्यावर पोस्टफिक्स हा मेल पोहोचवणारा प्रोग्रॅम.

एक गैरसमज आधी काढून टाका. सारख्या प्राधान्याच्या दोन एमएक्स नोंदी (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे जावी ते सांगणाऱ्या) केल्या तर मेल दोन सर्व्हरांत विभागली जाते, माणसांत नाही.

एलियासच्या फाइलीत (कुठल्या पत्त्याची मेल कुठे जावी याच्या यादीत) ऑर्डरींच्या पत्त्यापुढे दोन ठिकाणं लिहा: सगळ्या मेलची प्रत ठेवणारी एक पेटी (ही आंब्याची नव्हे) आणि वाटणी करणारी छोटी स्क्रिप्ट. मग एलियासची यादी नव्याने बांधा. प्रत ठेवायला कंटाळू नका. स्क्रिप्ट चुकली तर तीच वाचवते.

स्क्रिप्टचं काम असं: पाठवणाऱ्याचा पत्ता नोंदवहीत (कुठलं गिऱ्हाईक कुणाकडे, याच्या फाइलीत) असेल तर मेल त्याच्या नेहमीच्या माणसाकडे, नवा असेल तर यादीतल्या पुढच्या माणसाकडे, आणि तशी नोंद. नुसती पाळी लावली तर भाव एकाने सांगितलेला असतो आणि तक्रार दुसऱ्याकडे जाते. गिऱ्हाईक मग दोघांनाही धारेवर धरतं. थोडी उणीअधिक वाटणी चालेल, हे नको.

पुढची पाळी कुणाची ते सांगणारा आकडा एका फाइलीत राहतो. तो वाचण्याआधी फाइलीला कुलूप लावा, लिहून झाल्यावर काढा. नाहीतर एकाच क्षणी आलेल्या दोन मेल तोच आकडा वाचतात आणि एकाच्याच गळ्यात पडतात. इथे बहुतेकांची गाडी अडते ती परवानगीवर. एलियासची फाइल रूटची, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य वापरकर्त्याची, असेल तर पोस्टफिक्स स्क्रिप्ट ‘नोबडी’ या जवळपास काहीच अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालवतो, आणि त्याला आकड्याच्या फाइलीत लिहिता येत नाही. आकडा आणि नोंदवही वेगळ्या फोल्डरात ठेवून तेवढ्याला परवानगी द्या.

काही बिघडलं तर स्क्रिप्टने ७५ हा कोड देऊन बाहेर पडावं. म्हणजे पोस्टफिक्स मेल परत न पाठवता रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो, मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवसांपर्यंत.

स्पॅमची चाळणी वाटणीच्या आधी हवी. आपोआप आलेली उत्तरंही पाळीत मोजू नका. कुणी रजेवर असेल तर यादीतून त्याचं नाव काढा आणि त्याची जुनी गिऱ्हाइकं तेवढ्यापुरती दुसऱ्याकडे वळवा.

शेवटी चाचणी. मी नऊ मेल पाठवल्या आणि नऊच्या नऊ वहिनीकडे गेल्या. अर्धा तास स्क्रिप्ट उसवत बसलो. चूक स्क्रिप्टची नव्हतीच, सगळ्या मी माझ्याच एका पत्त्यावरून पाठवल्या होत्या. तुम्ही नऊ वेगळ्या पत्त्यांवरून पाठवा, तीन-तीन येतील.