जुन्या डॉस संगणकावर डिस्कची माहिती वाचताना या चुका टाळा

लेबल (डिस्कला दिलेलं नाव) बरोबर दिसलं, सिरियल नंबर बरोबर दिसला, शिल्लक जागाही पटण्यासारखी आहे, म्हणजे डिस्क नीट वाचली जातेय असं नवीन माणूस धरून चालतो. याच समजुतीपायी गेलेला डेटा मी सगळ्यांत जास्त पाहिलाय, म्हणून आधी हीच चूक.

ही माहिती डिस्कच्या अगदी सुरुवातीला असते. सिरियल नंबर (डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्ती 4 पासून) आणि एकूण आकार बूट सेक्टर या पहिल्या तुकड्यात, लेबल मुख्य डायरेक्टरीत, शिल्लक जागेचा हिशेब फॅटमध्ये, म्हणजे कुठली फाइल कुठं आहे याच्या तक्त्यात. पुढची सगळी डिस्क चुकीची वाचली जात असली तरी एवढं बरोबर दिसू शकतं.

एका मित्राच्या 486 संगणकात मदरबोर्डवरची बॅटरी संपली आणि बायोसमधली (संगणक चालू होताना डिस्क वगैरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधली) डिस्कची नोंद पुसली गेली. डिस्क 425 एमबीची: 989 सिलिंडर, 15 हेड, 56 सेक्टर (हेड म्हणजे वाचणारी टोकं, सिलिंडर म्हणजे सगळ्या हेडांखाली एकदम येणारे ट्रॅक, सेक्टर म्हणजे एका ट्रॅकचे तुकडे). त्यानं आठवणीतून हेड 16 घातले. सी ड्राइव्हवरून बूट होईना, म्हणून फ्लॉपीवरून चालू केलं. डिर (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) दिली तर लेबल, नंबर, फाइलींची नावं, मोकळी जागा, सगळं जिथल्या तिथं! पहिल्या सिलिंडरमध्ये 15 गुणिले 56, म्हणजे 840 सेक्टर, आणि बूट सेक्टर, दोन्ही फॅट, मुख्य डायरेक्टरी हे सगळं पहिल्या 500 सेक्टरांच्या आतच संपतं. हेडचा आकडा चुकला तरी तेवढा भाग जागेवरच सापडतो. गडबड दुसऱ्या सिलिंडरपासून. डॉस बूट सेक्टरमधली नोंद पाहून 15 हेडचा हिशेब करत होता आणि ड्राइव्ह 16 चा. दर सिलिंडरला 56 सेक्टरांची चूक वाढत जाणार.

इथवर काहीही बिघडलेलं नव्हतं. बायोसमध्ये 16 चे 15 केले असते तर सगळं परत आलं असतं. पण त्यानं थेट चेकडिस्क /एफ, म्हणजे डिस्क तपासून चुका दुरुस्तही करणारी आज्ञा, चालवलं. चेकडिस्कला उपडायरेक्टऱ्यांच्या जागी कचरा दिसला, त्यानं त्या मोडीत काढल्या, आणि तुटलेल्या साखळ्यांच्या (फाइलींच्या सुट्या पडलेल्या तुकड्यांच्या) फाइली करू का असं विचारल्यावर मित्रानं प्रत्येक वेळी वाय दाबलं. मी पोचलो तेव्हा FILE0000.CHK च्या जातीच्या फाइलींची रांग लागली होती. हेड दुरुस्त केले, पण तोवर फॅटच बदललेलं होतं. त्याच्या वडिलांनी टाइप केलेली पत्रं त्या डिस्कवर होती. त्यातली मोजकीच जुळवता आली.

म्हणून मी /एफ कधीच पहिल्यांदा देत नाही. नुसतं चेकडिस्क चालवलं की ते चुका दाखवतं, डिस्कवर काही लिहीत नाही. शेकडो चुका एकदम दिसल्या तर मी डिस्कवर नव्हे, बायोसवर संशय घेतो. मग उपडायरेक्टरीतली एखादी ओळखीची मजकूर फाइल टाइप या आज्ञेनं पडद्यावर वाचून पाहतो. सिलिंडर, हेड, सेक्टर हे तीन आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतून चिकटवतो. डॉस 6.2 असेल तर स्कॅनडिस्क वापरा आणि ते अनडू फ्लॉपी (केलेले बदल परत फिरवण्यासाठीची) मागेल तेव्हा द्या. ती दोन मिनिटं वाचवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

दुसरी चूक ड्राइव्हच्या अक्षरांची. दुसरी हार्ड डिस्क जोडली आणि तिच्यावर प्रायमरी पार्टिशन (डिस्कचा मुख्य विभाग) असलं, तर डी तिला मिळतं. पहिल्या डिस्कवरचं जुनं डी आता ई होतं, कारण डॉस आधी सगळ्या डिस्कची प्रायमरी पार्टिशनं मोजतो. सवयीनं डी फॉरमॅट करणारे इथंच फसतात. हार्ड डिस्क फॉरमॅट करताना डॉस सध्याचं लेबल विचारतो; ही सोय फार मोलाची आहे, पण लेबल कोरं असेल तर नुसत्या एंटरवर पुढं जाता येतं. प्रत्येक पार्टिशनला वेगळं लेबल द्या. 11 अक्षरं मिळतात, ती वापरा.

1.44 एमबीच्या फ्लॉपीवर 14,57,664 बाइटच दिसतात म्हणून ती खराब ठरवू नका. एकूण 2,880 सेक्टरांपैकी 33 डॉसच्या स्वतःच्या नोंदींना जातात.

360 केबीची फ्लॉपी 1.2 एमबीच्या ड्राइव्हमध्ये लिहून जुन्या ड्राइव्हला देऊ नका. नव्या ड्राइव्हचं हेड अरुंद, त्यामुळे जुन्या रुंद ट्रॅकच्या कडेला आधीचा मजकूर उरतो आणि जुना ड्राइव्ह दोन्ही एकत्र वाचतो. डिर एका मशीनवर येते, दुसऱ्यावर नाही. मी लिहायचं काम 360 च्या ड्राइव्हवरच करतो.

आणि जागा कमी पडली म्हणून DBLSPACE.000 नावाची भलीमोठी लपलेली फाइल उडवू नका. ती डबलस्पेसची, म्हणजे डेटा दाबून जागा वाढवणाऱ्या डॉसच्या सोयीची फाइल आहे; दाबलेला अख्खा ड्राइव्ह, बहुतेकदा सी, त्या एका फाइलीत असतो.